२५० ओहमच्या हेडफोनला वेगळा अँप (अँप्लिफायर) लागतोच का?

नवा_श्रोता:
गेल्या आठवड्यात बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हेडफोन घेतला, २५० ओहम रोधाचा. फोनला टाइप-सी डोंगल (हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर) लावून ऐकतो. पॉप गाणी ८० टक्क्यांवर छान वाजतात, पण ऑर्केस्ट्रा लावला की आवाज पूर्ण वाढवूनही संथ भाग कान टवकारून ऐकावा लागतो. सगळे म्हणतात, ‘२५० ओहम ना? मग अँप घ्याच.’ खरंच घ्यावा का?

खर्ज:
घ्याच. माझा सेनहायजर एचडी ६५०, ३०० ओहमचा. अँप लावला आणि बास एकदम भरीव झाला.

कानसेन:
नवा_श्रोता, जरा थांबा. नुसत्या ओहमवरून हे ठरत नाही, सोबत सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज निघतो, ते बघावं लागतं. तुमच्या हेडफोनची आहे १ मिलिवॉटला ९६ डेसिबल, आणि २५० ओहममध्ये १ मिलिवॉट जायला अर्धा व्होल्ट लागतो. ११० डेसिबलचे क्षणिक मोठे आवाज स्वच्छ हवे असतील तर २५ मिलिवॉट, म्हणजे २.५ व्होल्ट. आता हायफायमॅनचा एचई-६ बघा. फक्त ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी ८३.५. तेवढ्याच आवाजाला त्याला साधारण ४५० मिलिवॉट लागतात! ओहम पाचपट कमी आणि भूक अठरापट जास्त. म्हणून ‘ओहम जास्त की अँप हवाच’ हे ऐकलं की मला राहवत नाही. लोक उगाच खर्चात पडतात.

तुमच्या हेडफोनला करंट फारसा लागत नाही, व्होल्टेज लागतं. डोंगल किती देतो ते मोजा. हेडफोन काढा, ऑक्स केबल लावा, ६० हर्ट्झचा फुल-स्केल (कमाल पातळीचा) टोन पूर्ण आवाजावर वाजवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा. हा टोन चालू असताना हेडफोन कानाला लावू नका. गाण्यांच्या ॲपमधलं नॉर्मलायझेशनही (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सेटिंग) बंद करून बघा, ते पुष्कळदा आवाज खाली ओढतं.

खर्ज, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण आवाज वाढला की आपल्या कानाला बास आपोआप जास्त जाणवतो. दोन्हीकडे आवाज मीटरने सारखा करून पुन्हा ऐका.

खर्ज:
सारखा करून कधी ऐकलं नाही, हे खरं. आज रात्री ऐकतो.

नवा_श्रोता:
मोजलं. डोंगल ०.४९ व्होल्ट, लॅपटॉपचा जॅक १.४. नॉर्मलायझेशन चालूच होतं. बंद केल्यावर फोनवर थोडा फरक पडला. लॅपटॉपवर मात्र तोच ऑर्केस्ट्रा ७५ टक्क्यांवर पोटभर ऐकला, शेवटी दोन टक्के कमीच केला.

कानसेन:
हिशोब जुळतो. ०.४९ वरून १.४ म्हणजे ९ डेसिबल जास्त. ऑर्केस्ट्राचा सरासरी आवाज त्याच्या कळसापेक्षा सहज २० डेसिबल खाली असतो. डोंगलवर कळसच ९६ ला अडतो, म्हणजे संथ भाग ७५ च्याही खाली. तुम्हाला तो पुसट वाटणारच.

लॅपटॉपवर ऐकायचं असेल तर काहीच घेऊ नका. फोनवरच हवं असेल तर २ व्होल्ट देणारा डोंगल बघा, टेबलावरच्या मोठ्या अँपची गरज नाही.

नवा_श्रोता:
मग सध्या लॅपटॉपच. डोंगलचं पुढच्या महिन्यात बघतो.