घरात रांगतं मूल आणि बॉबिन लेस

विषय: बॉबिन लेस कुणी करतं का?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी ओल्नीला काउपर अँड न्यूटन म्युझियम बघायला गेलो होतो. अर्ध्या तासात बाहेर पडू असं नवऱ्याला वाटलं होतं, पण मी बॉबिन लेसच्या नमुन्यांपाशीच खिळले. बॉबिन्स म्हणजे लहान दांड्या, त्यांवर दोरा गुंडाळून उशीवर टाचण्या टोचत ही लेस विणतात. या गावांत घरोघरी हे काम चालायचं आणि आपण सहा वर्षं इथून वीस मिनिटांवर राहतोय! मला क्रोशा येतो, आजीने शिकवलेला. ही लेस मात्र कुठून सुरू करायची तेच कळत नाही. त्यात मोठी पाच वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, हाताला लागेल ते तोंडात. हा निव्वळ वेडेपणा आहे का? कुणाकडे सामान उसनं मिळेल?

ओवीची आई, ब्लेचली, इंग्लंड

विषय: उत्तर: बॉबिन लेस कुणी करतं का?

ताई, लेसमधलं मला काही कळत नाही. पण टाचण्या आणि रांगतं मूल हे वाचून पोटात गोळा आला. एक मोठं चुंबक आणून ठेवा. सांडल्या की सतरंजीवरून फिरवायचं, काम फत्ते.

(गणपतीची वर्गणी अजून नऊ घरांकडून यायची आहे. नावं घेत नाही.)

खजिनदार

विषय: उत्तर: उत्तर: बॉबिन लेस कुणी करतं का?

खजिनदारांचं चुंबक चालणार नाही. लेसच्या टाचण्या पितळी असतात. साधी लोखंडी टाचणी गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबडा डाग पडतो. तेव्हा टाचण्या मोजायच्या, दुसरा उपाय नाही. बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. मी नातवंडं आली की आजही हेच करते.

ओवीच्या आई, वेडेपणा मुळीच नाही. उलट क्रोशापेक्षा हे बरं. क्रोशात मूल रडलं, सुई निसटली, कुणी धागा ओढला की भराभर उसवतं. इथे बॉबिनच्या वजनाने दोरा ताठ राहतो आणि टाका टाचणीने धरलेला असतो. मात्र टाचणी लावल्याशिवाय उठायचं नाही. अर्धा मिनिट रडू दे त्याला. मध्येच उठलीस तर परत आल्यावर शेवटची चाल क्रॉस होती की ट्विस्ट (खाली सांगते), काही आठवत नाही.

शिमग्यात गोफ बघितला आहेस ना? वर बांधलेल्या दोऱ्या, एकेक टोक एकेकाच्या हातात, आणि नाचता नाचता वीण पडत जाते. इथे नाचतात त्या बॉबिन्स. दोन जोड्या म्हणजे चार बॉबिन्स एका वेळी हातात घ्यायच्या. चाली दोनच. क्रॉस म्हणजे मधल्या दोघींत डावी उजवीच्या वरून न्यायची. ट्विस्ट म्हणजे दोन्ही जोड्यांत उजवी डावीच्या वरून. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी वीण येते, नुसत्या क्रॉस-ट्विस्टने विरळ जाळी. आणि चुकलं तर गोफ उलट्या पावलांनी सोडवतात तसं उलट्या क्रमाने मागे यायचं. पहिल्या महिन्यात तू पुढे कमी आणि मागे जास्त जाशील. कात्री लांब ठेव.

सुरुवातीला जाड सुती दोरा घे, पर्ल कॉटन आठ नंबर चालेल. बारीक दोऱ्याची हौस सगळ्यांना असते आणि त्यातच लोक सोडून देतात. सहा जोड्या पुरेत. टॉर्शन प्रकारातली साधी पट्टी कर. तिचा नमुना आलेखाच्या कागदावर ठिपक्यांनी काढतात, ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या भागातल्या बॉबिन्सना खाली तारेत ओवलेल्या काचमण्यांचं कडं असतं, त्याला स्पँगल म्हणतात. त्याने वजन मिळतं आणि बॉबिन लोळत नाही. माझा फार जीव आहे त्यांच्यावर, पण सव्वा वर्षाच्या मुलापुढे मणी नकोत. माझ्याकडे बिनमण्यांच्या लाकडी आहेत, त्या देते. जुनी उशीही देते. काम थांबलं की उशीवर कापड टाकून कडेने टाचायचं आणि कपाटावर ठेवायचं. पलंगाखाली नको, तिथे धाकट्याचंच राज्य.

मोठीला रंगीत दोऱ्याच्या दोन जोड्या दे आणि कंटाळली की उठू दे. पूर्वी इथे पाच-सहा वर्षांची मुलं लेस स्कूलमध्ये बसवत. गाणी म्हणत ती टाचण्या मोजायची. हल्ली लेसच्या वर्गात हे फार कौतुकाने सांगतात. मला नाही कौतुक वाटत. रात्री पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यांतून एकाच मेणबत्तीचा उजेड चार-पाच जणींनी वाटून घ्यायचा, तेही पोटासाठी.

शनिवारी दुपारी ये, मुलांना घेऊनच ये.

बेडफर्डच्या काकू

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: बॉबिन लेस कुणी करतं का?

काकू,

तीन आठवड्यांत चार बोटं पट्टी झाली. कडा वेड्यावाकड्या आहेत, पण सुटत नाहीत. धाकटा दुपारी झोपतो तेव्हा वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा कालची चूक सोडवण्यात जातात.

काल कॅलेंडरवर बावन्न आणि हाती एक्कावन्न. आम्ही दोघं टॉर्च घेऊन जमिनीवर पालथे पडलो, सोफा हलवला, व्हॅक्यूमची पिशवी उघडली. नवऱ्याने त्या भरात चुंबकसुद्धा फिरवून बघितलं. रात्री अकराला उशीवरून हात फिरवताना बोटाला टोचली. ओवीने ती डोक्यापर्यंत आत खुपसली होती. सकाळी विचारलं तर म्हणाली, "तिला झोपवलं."

आता थोडा बारीक दोरा घेऊ का?

ओवीची आई

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: बॉबिन लेस कुणी करतं का?

नको. वीतभर होऊ दे, मग बोलू. आणि येताना ओवीला आण, तिच्या जोड्या मी भरून ठेवल्या आहेत.

काकू