मदत हवी आहे: सूडाचा थ्रिलर, पण सस्पेन्स अर्ध्यातच गुल
काल रात्री जागून एक सायकॉलॉजिकल थ्रिलर बघितला, नाव नाही सांगत, कुणाचा बघायचा राहिला असेल. सुरुवात एकदम भारी, बाई खरंच बदला घेतेय की सगळं तिच्या डोक्यातच चाललंय तेच कळत नाही, आणि मग पाऊण तासात एक लांबलचक फ्लॅशबॅक टाकून सगळं सांगूनच टाकलं, पुढे नुसती मारामारी. सस्पेन्सपटांचा दिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा की टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधीच माहीत असेल तर टेन्शन वाढतं, मग इथे आधी कळल्यावर मला जांभया का आल्या? कुणी समजावेल का? आणि शेवटपर्यंत धरून ठेवणारे सूडाचे पिक्चर सुचवा ना प्लीज, २००३ चा ओल्डबॉय बघून झालाय, रक्तपात जरा कमी असला तर बरं.