स्वस्त छोटा लॅपटॉप की महागडा? नंतर रॅम वाढवता येईल का?

विश्रामबाग, सांगली: मुलीला कॉम्प्युटर डिप्लोमासाठी लॅपटॉप हवाय. एक २५ हजारांचा ११ इंची: सेलेरॉन (इंटेलचा स्वस्त, साधा प्रोसेसर), ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (फाइल साठवायची स्वस्त, हळू चिप). दुसरा ६० हजारांच्या आसपास. स्वस्तातला घेऊन पुढे अपग्रेड करावा का?

मिरजकर: नको ताई. त्यातली रॅम आणि ईएमएमसी बहुतेक वेळा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली असते. वाढवणार काय? शिवाय ६४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे. मोठं अपडेट आलं की जागाच उरत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) तर ४ जीबीत धड चालणारच नाही. टायपिंग आणि ऑनलाइन तासापुरताच तो ठीक.

कराड_हार्डवेअर: सहमत, पण महाग म्हणजे अपग्रेड होणारच असं धरू नका. मॅकबुक एअरमध्येही रॅम नंतर वाढत नाही. पातळ मॉडेलात ‘एलपीडीडीआर५’ (कमी वीज खाणारी रॅम) लिहिलं असेल तर ती साधारणपणे सोल्डर केलेलीच. दुकानात विचारा: रॅमचा स्लॉट मोकळा आहे का, एम.२ एसएसडी (फाइल साठवायची पट्टी) बदलता येते का? १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घ्या.

पुढे रॅम टाकताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. डीडीआर४ (रॅमची जुनी पिढी) च्या स्लॉटात डीडीआर५ (त्यापुढची पिढी) बसत नाही, खाच वेगळी असते. जोर लावू नका. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबा, दोन्ही क्लिप ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. डीडीआर५ टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका, मेमरीची जुळणी चालू असते.