म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्यावर रिसर्च व्हायचा तर आधी कशावर? प्लीज सुचवा

निशिगंध:
नमस्कार मंडळी. वयस्कर लोकांच्या तब्येतीवर पुढची काही वर्षं कुठल्या प्रश्नांवर संशोधन व्हावं याची यादी बनवायचं काम चालू आहे आणि त्यात सामान्य लोकांच्या बाजूने मला घेतलंय. मी डॉक्टर नाही, सासूबाईंचं सगळं बघते म्हणून घेतलं. पहिल्या मीटिंगला आलेले विषय सगळे मोठे, अल्झायमरचं औषध, आयुष्य वाढवणारी जीन्स, एआय वगैरे. त्यात चूक काहीच नाही. पण घरी येऊन सासूबाईंना विचारलं की तुम्हाला काय हवंय, तर म्हणाल्या रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, अंधारात पडायची धास्ती वाटते, तेवढं थांबलं तर बरं. हे यादीत कुठेच नव्हतं. असे प्रश्न रिसर्चमध्ये बसतात का हो? आणि तुमच्याकडच्या मोठ्या माणसांचं काय म्हणणं आहे?

रात्रपाळी:
बसतात म्हणजे काय, ताई तुम्ही बिनधास्त मांडा. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून हेच करतंय, पेशंट, त्यांना सांभाळणारे आणि डॉक्टर-नर्स असे सगळे एकत्र बसून ठरवतात की कुठल्या प्रश्नांना अजून उत्तर नाही आणि त्यातले पहिले दहा कुठले. औषध कंपन्यांना त्यात मत नसतं.

आणि सासूबाईंचा प्रश्न वाटतो तेवढा छोटा नाहीये. मी नर्स आहे, वॉर्डात रोज बघते. दिवसभर बसून पायाला सूज येते, रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि लघवी वाढते. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतलेली असेल तर बघायलाच नको. झोप मोडते म्हणून झोपेची गोळी चालू होते, मग त्या गुंगीत उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. आता सूज एका डॉक्टरकडे, लघवी दुसऱ्याकडे, झोप तिसऱ्याकडे, हाड चौथ्याकडे. या सगळ्या साखळीतली कुठली कडी आधी सोडवली तर माणूस पडणार नाही, हा एकदम पक्का संशोधनाचा प्रश्न आहे.

आकडेमोड:
थोडं वेगळं मत मांडतो. डिमेन्शियाला (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू जाणं, अल्झायमर त्यातलाच) मागे ढकलू नका, कारण तो आला की बाकी सगळंच हातातून जातं, पेशंटच्याही आणि घरच्यांच्याही. फक्त औषधावरच सगळी भिस्त नको एवढं मान्य. २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने (लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने) १४ गोष्टी सांगितल्यात ज्यांच्यावर आपण काही करू शकतो, कमी ऐकू येणं, नजर, बीपी, शुगर, एकटेपणा वगैरे, आणि जगभरातल्या जवळजवळ ४५ टक्के केसेस यांच्याशी जोडलेल्या आहेत म्हणे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अचीव्ह ट्रायलमध्ये कानाच्या मशीनचा स्मरणशक्तीवर परिणाम बघितला. सगळे मिळून तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासूनच जास्त धोका होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. माझ्या मते पुढचा प्रश्न इथेच आहे, कारण मशीन कितीतरी लोक घेतात आणि ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. का ठेवतात? आवाज घुमतो म्हणून, बॅटरी बदलताना बोटं थरथरतात म्हणून, की लाज वाटते म्हणून? यावर पैसा लावा.

गोळ्यांचा डबा:
मी फार्मसीत आहे त्यामुळे माझं मत गोळ्यांवरच जाणार. नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये ऐंशीच्या पुढचे, तीन-चार आजार असलेले लोक बहुतेक घेतच नाहीत आणि नंतर तेच औषध सगळ्यात जास्त त्यांनाच दिलं जातं. गोळी चालू कशी करायची याच्या गाइडलाइन भरपूर, बंद कधी आणि कशी करायची याच्या फार कमी. अॅस्प्री ट्रायल वाचा, २०१८ ची, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर धडधाकट वृद्धांपैकी साधारण निम्म्यांना अॅस्पिरिनचा छोटा डोस आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी देऊन बघितली, फायदा काही झाला नाही, उलट रक्तस्राव वाढले. (ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय त्यांच्यासाठी हे नाही, त्यांनी स्वतःहून गोळी बंद करू नका.) मला त्यात आवडलं ते मोजमाप. नुसतं किती जगले ते नाही, तर डिमेन्शिया आणि कायमचं अपंगत्व न येता किती जगले ते बघितलं. तुमच्या यादीतल्या प्रत्येक प्रश्नाला हेच विचारा, शेवटी मोजणार काय?

आजोबा७८:
मी स्वतः ७८ चा आहे म्हणून लिहितो. मुलगा सोबत असला की डॉक्टर त्याच्याशीच बोलतात, मी समोर बसलेला असतो. दुसरं म्हणजे मी पडलो तर घरी सांगत नाही, माझ्या ओळखीतले बरेच जण सांगत नाहीत, कारण सांगितलं की एकट्याने बाहेर जाणं बंद होतं. तेव्हा दवाखान्याच्या कागदांवरून कोण किती पडलं ते मोजाल तर अर्धवटच कळेल. पडू नये म्हणून घरात बसवून ठेवलं तर माणूस पडत नाही हे खरं, पण पाय जातात आणि मनही जातं. किती धोका पत्करायचा हे आम्हाला विचारून ठरवायचं का, यावर कुणीतरी अभ्यास करा.

निशिगंध:
काका, तुमचं वाचून सासूबाईंना परत विचारलं, त्याही दोनदा पडल्यात आणि आम्हाला पत्ता नाही. यादीसाठी प्रश्न असा लिहिलाय, "रात्री वारंवार लघवीला उठणाऱ्या वृद्धांमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलणं, गोळ्या कमी करणं आणि पायाची सूज कमी करणं यातल्या कशाने पडणं कमी होतं?" चालेल का?

रात्रपाळी:
मस्त. फक्त "पडणं कमी होतं" च्या पुढे "आणि त्यांचं हिंडणं-फिरणं कमी न होता" एवढं टाका, काकांचा मुद्दा त्यात येईल. आणि सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे नेऊन हे दोनदा पडलेलं सांगा, रिसर्चची वाट बघू नका. अजून एक, मीटिंगला जे येऊ शकत नाहीत, ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या घरी जाऊन कुणी विचारणार आहे का ते आधी आयोजकांना विचारा. नाहीतर यादी धडधाकट लोकांचीच होईल.