गरब्यात घोटा बाहेरच्याच बाजूने का मुरगळतो?

मृण्मयी_रावपुरा
नवरात्रीआधी बडोद्याच्या दांडिया बाजारात मुलींचा गरब्याचा सराव चालू आहे. वय 14-15, सगळ्या अनवाणी. गिरकी घेऊन उतरताना पाय मुरगळतो आणि सूज दर वेळी बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली येते, आत नाही. असं का? एक्सरे कधी काढायचा? घरचे लगेच गरम तेल चोळायला बसतात, ते बरोबर आहे का?

अस्थिपाठ
नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक फिब्युला, या दोघांच्या खालच्या टोकांची एक खाच होते. तिच्यात टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलसचा माथा पुढे रुंद, मागे अरुंद. पाऊल वर ओढलं की रुंद भाग खाचेत घट्ट अडकतो. चवड्यावर उभं राहिलं की अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. गिरकीनंतर आधी चवडाच टेकतो, म्हणजे वजन नेमकं सैल सांध्यावर येतं. त्यात टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याला धरून ठेवतात ती आजूबाजूची हाडं आणि लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे.

आता बाजूचं. दोन्ही घोटे चाचपून बघा, बाहेरचा साधारण 1 सेंमी खाली उतरलेला लागेल. पाऊल बाहेर वळायला त्या हाडाची आडकाठी होते, आत वळायला तेवढी होत नाही. आतलं डेल्टॉइड लिगामेंट रुंद, त्रिकोणी आणि दणकट. बाहेर मात्र तीन सुटे पट्टे: पुढचा टॅलसला, मधला टाचेच्या हाडाला, मागचा पुन्हा टॅलसला. पुढचा तिघांत सगळ्यात कमजोर, आणि चवड्यावर असताना ताणलेला तोच असतो. म्हणून आधी तो फाटतो. तुम्ही सांगितलेली सूज त्याच जागेची आहे.

फिजिओ_मांडवी
एक्सरेसाठी 1992 पासूनचे ओटावा नियम वापरतात. बोटाने दाबून बघायच्या जागा: दोन्ही घोट्यांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत; करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर हाताला लागणारा उंचवटा; आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्याशी असलेलं नॅव्हिक्युलर हाड. यांपैकी कुठेही हाडावर दुखलं, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे काढा. करंगळीकडचा उंचवटा लोक विसरतात. तिथे पेरोनियस ब्रेव्हिस या नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूचा स्नायुबंध चिकटतो आणि झटक्यात हाडाचा तुकडा ओढून काढू शकतो.

तुमच्या मुली वाढत्या वयाच्या आहेत. फिब्युलाच्या खालच्या टोकाच्या जरा वर वाढीची पट्टी असते, म्हणजे जिथून हाड लांब होतं तो मऊ भाग. तिथे दाबून दुखलं तर चालता येत असलं तरी ऑर्थोपेडिकला दाखवा. तिथली इजा एक्सरेत दिसेलच असं नाही.

तेल, शेक, मालीश पहिले दोन-तीन दिवस अजिबात नको. आत रक्तस्राव चालू असतो, तो वाढतो. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. 10 सेंमीचं क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवा. बोटं उघडी ठेवा. निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

मृण्मयी_रावपुरा
पुन्हा नाचायला कधी सोडायचं? सूज उतरली की चालेल?

फिजिओ_मांडवी
नाही, सूज उतरणं पुरेसं नाही. साधी लचक एक-दोन आठवडे घेते, पट्टा अर्धवट फाटला असेल तर तीन ते सहा. त्याच पायावर वारंवार मुरगळतं ते बहुतेक तोल परत न आल्यामुळे. फाटलेल्या पट्ट्याकडून मेंदूला जाणारी खबर मंदावते आणि पाऊल बाहेर ओढणारे पेरोनियल स्नायू उशिरा ओढतात.

वजन सहज पेलायला लागलं की एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, मग डोळे मिटून. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर ओढणं, 15 वेळा, तीन फेऱ्या. मग चवड्यावर चढून सावकाश टाच टेकवणं. हे जमल्यावर कमाटीबागेच्या गवतासारख्या जरा असमान जागेवर तोल.

गिरकीची परवानगी तेव्हाच, जेव्हा दुखऱ्या पायावर दहा लंगड्या उड्या दुसऱ्या पायाइतक्याच, न दुखता होतील.

अस्थिपाठ
एक भर घालतो. पोटरी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखणं घोट्याच्या वर, दोन हाडांच्या मध्ये उठलं, तर खाच धरून ठेवणारं लिगामेंट दुखावलेलं असू शकतं. ही लचक बरीच जास्त वेळ घेते. तशा मुलीला वर सांगितलेल्या आठवड्यांच्या हिशोबाने नाचायला सोडू नका, आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.