लोकशाहीमुळे भ्रष्टाचाराला खरोखर आळा बसतो का?

प्रश्न: निवडणुका वेळेवर होऊनही सरकारी पैशाची उधळपट्टी थांबत नसेल, तर लोकशाही आपले संरक्षण करते असे कसे म्हणावे?

उत्तर १: नुसती मतपेटी पुरत नाही. स्वीडनने सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क १७६६ मध्येच कायद्याने दिला, आणि तेव्हा तिथे सार्वत्रिक मताधिकार नव्हता. लाचखोराला धाक असतो तो उघड्या फाइलचा.

उत्तर २: मर्यादित लोकशाही असूनही भ्रष्टाचार कमी असलेल्या सिंगापूरचे उदाहरण कोणीतरी देईलच, परंतु तशी शिस्त बव्हंशी राज्यकर्त्यांच्या इच्छेवर टिकते. याउलट, १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी दडपण्याचा प्रयत्न) स्वतःच्या संभाषणांच्या ध्वनिफिती सोपवाव्या लागल्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना पंधरवड्याभरात पायउतार व्हावे लागले.

प्रश्नकर्ता: मान्य, मात्र त्याच निक्सन यांना १९७२ मध्ये मतदारांनी प्रचंड बहुमताने निवडून दिले होते.