‘कोणताही डिप्लोमा करा, पीआर पक्की’ लिहिणाऱ्या सावद्याच्या भाऊंना उत्तर

अनेरकाठ
काल सावद्याच्या भाऊंनी लिहिलं: "पोरगं बी.ई. झालं की कॅनडाला दोन वर्षांच्या कोणत्याही डिप्लोमाला टाका. तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, एक वर्ष काम केलं की पीआर (कायमचा निवास) पक्की. माझ्या पुतण्याचं झालं." खाली तिघांनी एजंटचा नंबर मागितला. ते वाचून मला झोप लागली नाही.

भाऊ, तो "कोणताही" शब्द आधी काढा. 1 नोव्हेंबर 2024 पासून जो स्टडी परमिटला अर्ज करतो, त्याला कॉलेजच्या डिप्लोमावर वर्क परमिट हवं असेल तर विषय सरकारी यादीतलाच लागतो. आरोग्य, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, वेल्डिंग-प्लंबिंगसारखे ट्रेड, वाहतूक, शिक्षण. आपल्याकडे सगळ्यात जास्त खपवला जाणारा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा त्यात नाही. विद्यापीठाची बॅचलर किंवा मास्टर्स असेल तर ही अट लागत नाही. शिक्षणानंतरचं हे वर्क परमिटही जन्मात एकदाच मिळतं. चुकीच्या कोर्सवर वापरलं की संपलं.

आता "एक वर्ष काम". मी 2021 ला कॅनडात आलो, 2023 ला डिप्लोमा झाला आणि त्यानंतर 14 महिने गोदामात खोकी उचलली. कॅनडा सरकार कामांना 0 ते 5 असे दर्जे देतं, त्याला टीअर म्हणतात. ते काम सगळ्यात खालच्या टीअर 5 मध्ये मोडतं, पीआरच्या हिशोबात ते 14 महिने शून्य. टीअर 0 ते 3 मधलं काम लागतं, 1,560 तास, आणि तेही शिकत असतानाचं चालत नाही. हे मला जळगावात एकानेही सांगितलं नव्हतं. पुढे एका दुकानात सुपरवायझर झालो, तेव्हा कुठे घड्याळ सुरू झालं. परमिट मात्र पहिल्या दिवसापासून संपत होतं.

सावदा_केळीवाले
तुम्ही स्वतः तिथं बसून दुसऱ्यांना येऊ नका सांगता. माझा पुतण्या डिप्लोमाच करून गेला, डोक्याने मध्यम, इंग्रजी साधं. आज घर आहे त्याचं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानू का?

अनेरकाठ
पुतण्याला पीआरच्या अर्जाचं निमंत्रण कधी आलं?

सावदा_केळीवाले
2021. फेब्रुवारी.

अनेरकाठ
मग तेच सांगतो. पीआरसाठी प्रत्येकाचे गुण मोजतात आणि अधूनमधून ठरावीक गुणांच्या वरच्यांना बोलावतात, तो ड्रॉ. हा 13 फेब्रुवारी 2021 चा ड्रॉ. करोनाने सीमा बंद होत्या, बाहेरून माणसं येईनात, म्हणून आत असलेल्यांनाच त्यांनी बोलावलं. 75 गुणांवर 27,332 जण. तसा ड्रॉ आधी झाला नव्हता, नंतरही नाही. 2025 मध्ये कॅनडातला अनुभव असलेल्यांचा एकही ड्रॉ पाचशेच्या खाली उतरलेला नाही.

तुमच्या "मध्यम" पोराचा हिशोब करू. वय 24 चे 110. भारतातली बी.ई. आणि इथला डिप्लोमा मिळून 128. चारही भागांत सीएलबी (भाषेची कॅनडाची मोजपट्टी) 8 चं इंग्रजी, 92. एक वर्ष काम, 40. शिक्षणाला भाषेची आणि कामाची जोड असल्याचे 50, इथल्या डिप्लोमाचे 15. बेरीज 435. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हीत 7 काढले, म्हणजे सीएलबी 9, तरी 467. पाचशे कुठून आणायचे? पूर्वी नोकरीच्या ऑफरचे 50 मिळायचे, मोठ्या पदाला 200. ते मार्च 2025 मध्ये काढून टाकले.

भुसावळ_जंक्शन
दोघंही कॅनडालाच का चिकटून बसलात? मी जर्मनीत आहे. मास्टर्स झाल्यावर नोकरी शोधायला 18 महिने मिळाले. इथल्या विद्यापीठातून पदवी घेऊन शिक्षणाला साजेशी नोकरी, दोन वर्षांचा परवाना, 24 महिने पेन्शनचा हप्ता आणि बी1 पातळीचं जर्मन झालं की कायमचा निवास. ड्रॉ नाही, कटऑफ नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड (पैसे अडकवून ठेवायच्या) खात्यात 11,904 युरो ठेवावे लागतात, पण ते महिन्याला 992 करून आपल्यालाच परत मिळतात.

सावदा_केळीवाले
आणि भाषा? आमची पोरं इंग्रजीलाच अडखळतात.

भुसावळ_जंक्शन
घरी लेवा बोली, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, प्लॅटफॉर्मवर हिंदी. चार झाल्या, पाचवी का नाही होणार? मी रोज सकाळी दोन तास बसलो. बी1 ला नऊ महिने लागले.

शहाद्याचे_तात्या
तुम्ही सगळे नियम सांगताय, पोरं का पाठवतो ते कुणी विचारत नाही. माझी बारा एकर आहे, तापीचं पाणी आहे. थोरला शेती करतो, वय 33, लग्न नाही. सात ठिकाणी बघून झालं. मुलीचा बाप केळी बघतो, ट्रॅक्टर बघतो, चहा घेतो आणि जाता जाता विचारतो, "नोकरी काही आहे का?" धाकट्याला म्हणून पाठवायचंय. पीआर हा शब्द आमच्या सोयरिकीत सातबाऱ्यापेक्षा मोठा झाला भो.

अमळनेरची_लेक
तात्या, दोष मुलीच्या बापाला का? माझ्या आईने शेतकऱ्याशी लग्न केलं. मे महिन्याच्या वादळात बाग आडवी झाली की घरात तीन दिवस कुणी जेवायचं नाही. भाव बऱ्हाणपूरला ठरणार, विमा कधी येणार माहीत नाही, आणि शेण-पाणी तिच्याच वाट्याला. मुलींनी हे बघितलंय, म्हणून त्या नाही म्हणतात.

शहाद्याचे_तात्या
म्हणजे आम्ही पोरींना राबवतो असं म्हणायचंय का? माझ्या घरी येऊन बघा एकदा! माझी बायको खुरपं हातात धरत नाही.

अमळनेरची_लेक
तुमचं घर म्हणजे अख्खा जिल्हा नाही. आणि यावर उपाय परदेशात असलेला नवरा असेल, तर तोही बघून झालाय. माझी मैत्रीण सासऱ्यांनी "पीआर झालेलाच आहे" सांगून करून घेतली. गेल्यावर कळलं, अर्जही केलेला नाही, परमिटचे आठ महिने उरलेत. दोघं एका तळघरात राहत होते. ती बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी, तिची नोंदणी, तिची परीक्षा, कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

सावदा_केळीवाले
ताई, इथं शिक्षणाचा विषय चाललाय. लग्नं कुठून आणली?

अनेरकाठ
भाऊ, लग्न या विषयातच आहे. माझंच ऐका.

घरच्यांनी आखाजीनंतरचा मुहूर्त धरला. वडिलांना वाटलं, पीआर येईलच, तोवर उरकून घेऊ. वर्षभराचा अनुभव झाल्यावर माझे एकट्याचे 467 होणार होते. लग्न झालं आणि बायकोला अर्जात सोबत घेतलं की माझेच गुण कमी धरतात. वयाचे 110 चे 100, शिक्षणाचे 128 चे 119, इंग्रजीचे 124 चे 116, कामाचे 40 चे 35. तिच्या पदवीचे 8 मिळाले. झाले 443. त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "माझ्यामुळे कमी झाले का?" लग्नाला सहा महिने झालेली मुलगी हे विचारते, तेव्हा काय उत्तर द्यायचं? तिने आता आयईएलटीएसचा क्लास लावलाय, सीएलबी 9 आले तर 20 परत येतील. तिला "सोबत येणार नाही" दाखवून एकट्याचे गुण घेता येतात, पण जिला आणायचीच आहे तिच्याबद्दल मी तसं लिहिणार नाही.

म्हणून मीही फ्रेंच लावलंय. मार्च 2025 ला फ्रेंचवाल्यांचा ड्रॉ 379 वर आला होता. कामावरून आल्यावर रात्री अकरा ते एक बसतो. परमिट पुढच्या उन्हाळ्यात संपतं.

भुसावळ_जंक्शन
दादा, फ्रेंच नेटाने करा. मी मघाशी बी1 चं जरा सोपं करून सांगितलं. पहिली परीक्षा मी नापास झालो होतो.

सावदा_केळीवाले
माझं म्हणणं पूर्ण चुकलं असं मी मानत नाही. नर्सिंगवाली, वेल्डिंगवाली पोरं आजही जातात, होतात. पण पुतण्याला आत्ता विचारलं. म्हणाला, "काका, माझ्या वेळचं आता नाही." हे त्याने आधी सांगायला हवं होतं. मूळ पोस्टमधला "कोणताही" काढला, "पक्की" पण काढलं. नंबर कुणाला देणार नाही. झालं समाधान?

अनेरकाठ
झालं. मनापासून.

शहाद्याचे_तात्या
मग माझं काय ते सांगा. धाकट्याचं ऑफर लेटर आलंय, पहिल्या वर्षाची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे. बँक शेतजमीन तारण घेत नाही म्हणाली, म्हणून दोन एकरांचा सौदा बोललोय. खात्यात दाखवायचे कॅनडाचे 22,895 डॉलर वेगळे, म्हणजे अजून 14 लाखांच्या आसपास. कोर्सचं नाव "सप्लाय चेन" असं काहीतरी आहे. एजंट म्हणतो यादीत आहे.

अनेरकाठ
तात्या, सौदा थांबवा. विसार घेतला नसेल तर घेऊ नका. कोर्सच्या नावावरून काही कळत नाही, त्याला विषय ठरवणारा सहा आकडी सीआयपी कोड असतो. पोराने स्वतः कॉलेजला मेल करून तो कोड मागायचा, एजंटच्या मार्फत नाही. मग कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो ताडून बघायचा. यादी बदलत असते, म्हणून त्याच दिवशीची बघा. आणि कॉलेज सरकारी की सरकारीच्या नावावर खासगी वर्ग चालवणारं, तेही विचारा. तसल्या वर्गांत 15 मे 2024 पासून पुढे शिकायला लागलेल्यांना वर्क परमिट मिळत नाही.

शहाद्याचे_तात्या
विसार उद्या सकाळी घ्यायचा होता. पोऱ्या नाशिकला आहे, त्याला आत्ताच उठवतो.

अमळनेरची_लेक
तात्या, मेल इंग्रजीत लिहायला अडचण आली तर सांगा, मी लिहून देते. मघाशी घरावरून बोलले, ते मनात ठेवू नका.

शहाद्याचे_तात्या
कोड आला की इथंच टाकतो.